व्याह्यांची आगगाडी

माझी एक रेल्वे कंपनी आहे. म्हणजे तिचा बारावा हिस्सा माझा आहे, पण रूळ काही बारा तुकड्यांत कापून घरी नेता येत नाहीत, तेव्हा सगळीच माझी म्हटली तरी कुणाचं काय जातं? चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची रेल्वे आहे म्हटल्यावर पुष्कळांना खोकला येतो. येऊ दे. खोकल्यावर लवंग चघळावी, मी गाडीत बसतो.

गाडी शारजात आहे, अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगीपासून चालत जाण्यासारख्या एका शॉपिंग हॉलमध्ये. बाहेर उन्हात डोकं भाजतं आणि आत पाय टाकला की माणूस दही लागल्यासारखा थिजतो, तसला हॉल. हिरवं इंजिन, त्याला चार डबे. धुराड्यातून धूर येत नाही, दिवा लागतो. स्टेशनातून निघायचं, कारंज्याला वळसा, चपलांच्या दुकानावरून पुढे, पुठ्ठ्याच्या बोगद्यातून बाहेर, ज्यूसवाल्याच्या काउंटरला वळण आणि परत स्टेशन. एका फेरीत पोरांचं आइस्क्रीम वितळत नाही, एवढाच प्रवास. पण रूळ खरे आहेत. लोखंडाचे. हे मी प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगून ठेवतो.

मी या देशात आलो तो स्वयंपाकी म्हणून. पुढे स्वतःचं कँटीन काढलं आणि बांधकामावरच्या माणसांना आयुष्यभर जेवू घातलं. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. मुलगा म्हणाला, बाबा, आता घरी बसा. घरी बस हे कोंबडीला सांगायचं असतं. मी सकाळी उठून गॅलरीत उभा राहायचो, समोरच्या टॉवरच्या गॅलरीत दुसरा म्हातारा उभा असायचा, आणि आम्ही एकमेकांकडे बघून जांभया द्यायचो. अशा वेळी कळलं की हॉलमधल्या गाडीचा मालक देश सोडून चाललाय आणि गाडी विकायचीय. आमच्या गणपती मंडळातल्या बारा घरांनी मिळून ती घेतली. दर घराचा एक हिस्सा, दर घराचं एक मत. तेव्हापासून रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठे जायचं, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला.

आता चेअरमन कसा ठरला ते सांगतो, कारण सगळं रामायण तिथून आहे.

पहिली मीटिंग आमच्या घरी झाली. आमच्याकडे सोफा एक आणि बाकी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बारा हिस्सेदारांत एक माझे व्याही. माझी मुलगी त्यांच्या घरात दिलेली, ते मुलाकडचे, मी मुलीकडचा. तेव्हा ते आल्याबरोबर मी उठलो आणि त्यांना सोफ्याच्या मधोमध बसवलं. बायकोने पहिला चहा त्यांना दिला. शाल घातली, नारळ दिला, कारण बऱ्याच दिवसांनी पायधूळ झाडत होते. मग हिस्सेदारांपैकी एक सीए आहे, त्याने कागदावरून डोकं वर करून विचारलं, चेअरमन म्हणून कुणाचं नाव लिहू? सगळ्यांनी सोफ्याकडे पाहिलं. शाल-नारळ घेऊन मधोमध बसलेला माणूस चेअरमन नाही तर काय पुजारी आहे? लिहिलं नाव. आमच्या कंपनीचा चेअरमन असा मानपानातून निघाला. मीच बसवला, मीच शाल घातली.

व्याही माणूस वाईट नाही. बिल्डिंगींच्या देखभालीचं काँट्रॅक्ट घ्यायचे, डिप्लोमा आहे, इंग्रजी बरं आहे. पण खुर्ची मिळाली आणि अंगात रेल्वेमंत्री शिरला. इंजिनाची चावी त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, शर्टाच्या आत. ड्रायव्हर केरळचा, शांत गृहस्थ. त्याने रोज सकाळी यांच्यासमोर उभं राहायचं, यांनी गळ्यातून चावी काढून द्यायची आणि रात्री परत घ्यायची. मंगळसूत्रसुद्धा कुणी एवढं सांभाळत नाही.

आणि वेळ! हॉलच्या दारातून ओळखीचं कुणी आत येताना दिसलं की व्याही हात वर करून गाडी थांबवायचे. बसलेली पोरं रडताहेत, आया घड्याळं बघताहेत, आणि हे दाराकडे बघून म्हणताहेत, या, या, तुमच्यासाठीच थांबवलीय. ते ओळखीचे बिचारे साबण घ्यायला आलेले असायचे. त्यांना बळेच डब्यात बसवायचं. मी एकदा म्हणालो, व्याहीसाहेब, लोकांचा वेळ जातो. तर म्हणाले, आपली माणसं सोडून गाडी पळवायची का?

ड्रायव्हर एके दिवशी म्हणाला, "साब, ब्रेक वीक है." पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाला. व्याही म्हणाले, बघतो. आणि बाजारात जाऊन पहिल्या डब्याला लावायला लाल मखमली पडदे घेऊन आले, झालर लावलेले. तो डबा फर्स्टक्लास. ब्रेकचं काय विचारलं, तर इंजिनाच्या पुढे लिंबू-मिरची बांधली. लिंबू-मिरची हाच आमच्या रेल्वेचा सेफ्टी विभाग. दर शनिवारी नवी.

मग जे व्हायचं ते झालं. भारतातून त्यांचे पाहुणे आले होते. त्यांना गाडी दाखवायची म्हणून व्याह्यांनी विहीणबाईंना मोतिया रंगाची पैठणी नेसवून फर्स्टक्लासमध्ये बसवलं आणि पडदे ओढून घेतले. पाहुणे स्टेशनात मोबाइल धरून उभे. गाडी निघाली, फेरी झाली, स्टेशन आलं, आणि गाडी थांबलीच नाही. पाहुण्यांनी हात हलवले. त्यांना वाटलं, खास त्यांच्यासाठी दुसरी फेरी आहे. ड्रायव्हर ओरडत होता, "यल्ला, हटो, हटो," आणि व्याही स्टेशनात उभे राहून डिप्लोमा असलेल्या आवाजात म्हणत होते, स्टॉप, स्टॉप. तिसऱ्या फेरीला ज्यूसवाल्याच्या वळणावर फर्स्टक्लासने रूळ सोडले आणि डबा अगदी पाहुण्यासारखा हळूच काउंटरला टेकला. काउंटरवर डाळिंबाच्या रसाची मोठी काचेची बरणी होती.

पडद्याखालून लाल रस वाहायला लागला तशी एक बाई किंचाळली. मी गुडघे विसरून पळालो. पडदा बाजूला झाला आणि आत विहीणबाई डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, हातात पर्स धरून ताठ बसलेल्या.

"डाळिंब आहे," त्या म्हणाल्या. मग ओठ पुसून म्हणाल्या, "साखर जास्त घालतो हा."

कुणाला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. पण हॉलचा मॅनेजर आला. मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, पोटावर पट्टा बसत नाही तरी नेटका. व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो हिंदीत म्हणाला, "हबीबी, ट्रेन अच्छा. ब्रेक मुश्किल. मुदीर मुश्किल." मुदीर म्हणजे इकडे साहेब, वरचा माणूस. पुढे म्हणाला, ईदची गर्दी सुरू व्हायच्या आत नवीन मुदीर आणा, त्याने ब्रेक नीट करून मला दाखवावा. नाहीतर खलास, रूळ उचला.

रूळ उचला! मला रात्रभर जांभया देणारा समोरचा म्हातारा दिसत होता.

दोन दिवसांनी मी व्याह्यांच्या टॉवरमध्ये, वर त्यांच्या घरी गेलो. त्यांना वाटत होतं, मॅनेजर रागात बोलला, विसरेल. चूक ड्रायव्हरची म्हणाले. मी म्हणालो, ड्रायव्हरने दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "आपल्याला यातलं काय कळतं? शिक्षण किती आपलं?"

"चौथी," मी म्हणालो. "तुमचा डिप्लोमा आहे ना? परवा दाखवायचात गाडीला, थांबली असती."

मी खाली उतरलो तेव्हा ठरलं होतं. चेअरमन बदलायचा आणि त्या जागी मी बसायचं. घरी सांगितल्यावर मुलगा म्हणाला, बाबा, याला प्रॉक्सी फाइट म्हणतात. अमेरिकेत मोठ्या रेल्वे कंपन्यांत होते. गाड्या घसरतात, वेळा पाळत नाहीत, मग शेअरवाले एकत्र येऊन वरच्या माणसाला काढतात. मी विचारलं, अमेरिकेत चेअरमन शेअरवाल्याचा व्याही असतो का? तो म्हणाला, नसावा. मग त्यांना काय कळणार, मी म्हणालो.

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, मुलीचं सासर आहे ते." मुलीचा फोन आला, "बाबा, गाडीचं काय ते करा, मला मध्ये घेऊ नका." नातीला विचारलं, तू कुणाच्या बाजूने? ती दोघांचीही नात. ती म्हणाली, "आबा, यू आर बोथ सो ड्रामॅटिक." सहा वर्षांची आहे.

मी दारोदार फिरलो. हे काम मला नवं नव्हतं, कँटीनसाठी गिऱ्हाईक असंच गोळा केलं होतं. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत आमचा एक हिस्सेदार बाथरूमच्या सामानाचा व्यापार करतो. त्याला मी सगळं सांगितलं, ब्रेक, वेळ, डाळिंब. तो म्हणाला, काका, शंभर टक्के तुमचं बरोबर. मग चहा दिला, फरसाण दिलं, आणि म्हणाला, "पण ते तुमचे व्याही पडतात. आम्ही हात वर करायचा आणि उद्या तुम्ही दोघं पुरणपोळी खाणार, मग आम्ही वाईट." मी म्हणालो, या जन्मी पुरणपोळी खाणार नाही. त्याने मत कबूल केलं आणि निघताना बळेच एक शॉवर हातात दिला. दुबईहून शारजापर्यंत बसमध्ये मी तो शॉवर गदेसारखा धरून बसलो होतो.

आमच्या बारांतली सगळ्यात वयाने मोठी हिस्सेदार म्हणजे तिकडे लांब अल ऐन शहरात राहणाऱ्या मावशी. नवरा गेल्यावर एकटीने मसाल्याचा आणि पापडाचा धंदा वाढवला. त्यांचा हात वर गेला की आणखी दोन-तीन हात आपोआप वर जातात. त्यांच्याकडे मी त्यांच्याच माल नेणाऱ्या गाडीतून गेलो, पापडाच्या खोक्यांमध्ये बसून. परत येईपर्यंत अंगाला हिंगाचा वास होता.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं खरं आहे. पण तू चेअरमन झालास तर तू तरी कुणाचं ऐकशील का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ठीक. हो म्हणाला असतास तर मत दिलं नसतं."

व्याही काही गप्प बसले नव्हते. त्यांनी घराघरांत जन्मभराचे फुकट पास वाटले आणि प्रत्येक हिस्सेदाराचा इंजिनासोबत फोटो काढून दिला. फोटोत इंजिनापेक्षा व्याहीच मोठे. आमचं भांडण चालू होतं, पण रीत मोडली नव्हती. फोन केला की आधी तब्येत विचारायची, मग विहीणबाईंची तब्येत, मग नातीचा खोकला, आणि मग, "राग मानू नका, पण आपण निव्वळ मूर्खपणा करताय." तिकडून उत्तर यायचं, "आपला आशीर्वाद. आपणही काही कमी करत नाही आहात." शेवटी एकमेकांना नमस्कार सांगून फोन ठेवायचा.

हळूहळू माझ्या बाजूने सात घरं झाली. बारातली सात. तेवढं गणित चौथीत येतं. मी मीटिंग मागितली. तारीख चेअरमनने ठरवायची असते, आणि व्याह्यांनी लगेच ठरवली, हसत ठरवली. त्या हसण्याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मीटिंग त्यांच्या टॉवरच्या वरच्या हॉलमध्ये होती. मी नवीन शर्ट घालून गेलो. मुद्दाम सोफा टाळून सगळ्यांना सारख्या खुर्च्या मांडायला लावल्या. मी उभा राहून बोललो: ब्रेक लागला पाहिजे, गाडी वेळेवर सुटली पाहिजे, लिंबू-मिरची भाजीत घालायची. लोक हसले. सीए म्हणाला, ठीक, आता ज्यांना चेअरमन बदलायचा आहे त्यांनी हात वर करा.

हात अर्धे वर आले होते. मी स्वतः पाहिले. आणि अल ऐनच्या मावशी म्हणाल्या, "थांबा. हा कुठला महिना चाललाय?"

कुणीतरी म्हणालं, मे.

"मे विचारत नाही. आपला."

सीएने मोबाइलवर पंचांग उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. अधिक महिना. धोंड्याचा महिना. मलमास! सात हात खाली आले ते झाडावरून कैऱ्या पडल्यासारखे. मलमासात लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही, नवीन काहीच सुरू करायचं नाही, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. नव्या माणसाला नव्या खुर्चीवर बसवायचं म्हणजे उघड उघड अपशकुन, आणि तोही रेल्वेचा.

मी म्हणालो, काढायला काय हरकत आहे? काढणं म्हणजे सुरुवात नव्हे, शेवट. यावर बराच खल झाला. निकाल असा निघाला की काढायला हरकत नाही, बसवायला आहे. मग खुर्ची रिकामी राहणार आणि मॅनेजरला तर माणूस पाहिजे. शॉवरवाला म्हणाला, खुर्चीऐवजी पाटावर बसवू. मावशी म्हणाल्या, पाटावर बसवणं म्हणजे तर मुंजच झाली की. कुणीतरी म्हणालं, उभंच ठेवू. माझ्या गुडघ्यांकडे बघून तो विचार सोडून देण्यात आला.

मी व्याह्यांकडे पाहिलं. ते पाणी पीत होते. या माणसाने कधी ब्रेक पाहिला नाही, पण पंचांग मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. मीटिंग महिना संपल्यावर घ्यायची ठरली. ईद त्याच्या आधी होती. म्हणजे रूळ उचलायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शर्टाला इस्त्री केली आणि परत कपाटात ठेवला. गॅलरीत गेलो. समोरच्या म्हाताऱ्याने हात केला. बऱ्याच दिवसांनी दिसलो म्हणून त्याला आनंद झाला होता.

स्वयंपाकघरात बायकोची वेगळीच धांदल चालली होती. तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून अनारशाचं पीठ मुरत घातलेलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. जावई म्हणजे या महिन्यात साक्षात नारायण. जावयाला बोलवायचं तर मुलगी आली, आणि ती येणार तर तिच्या सासू-सासऱ्यांना वगळता येत नाही. मी म्हणालो, त्या माणसाला मी माझ्या घरात वाढणार नाही.

"ते जावयाचे वडील म्हणून येतायत," बायको म्हणाली, "तुमचे चेअरमन म्हणून नाही. चेअरमनला हवं तर लिफ्टपाशी थांबायला सांगा."

रविवारी सगळे आले. पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, भजी, तूप. मी शॉवरवाल्यापाशी घेतलेली पुरणपोळीची शपथ मोडली नाही. धोंडे उकडलेले असतात, पोळी नव्हे. व्याही आणि मी शेजारी बसून, एकमेकांना आग्रह करून करून, रागाने जेवलो. मी त्यांना एक वाढला की ते बायकोला सांगून मला दोन वाढायला लावायचे. आमचा जावई एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. स्वभावाने इतका गरीब की त्याचा आवाज मी लग्नात नाव घेताना ऐकला, त्यानंतर फारसा नाही. तो मान खाली घालून जेवत होता.

जेवणं झाली. बायकोने चांदीचं ताट आणलं. त्यात अनारसे रचलेले, वर तुपाचा दिवा. जावयाला आणि मुलीला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि बोलायचं म्हणून बोलतात तसं ती म्हणाली, "जावईबापू, आणखी काय हवं ते मागा हो."

अशा वेळी जावई काही नको म्हणतो, आपण एक पाकीट देतो, आणि विषय संपतो. जावयाने मुलीकडे पाहिलं. मुलगी पंख्याकडे बघत होती, मला मध्ये घेऊ नका असा चेहरा करून.

"मामा," तो मला म्हणाला, "राग मानू नका. मला ती चेअरमनची खुर्ची द्या."

आमटीच्या पातेल्यावरचं झाकण कुणीतरी ठेवत होतं, तेही हातात राहिलं.

व्याही सावरले आधी. "ती त्यांची आहे कुठे द्यायला?"

"सात घरं माझ्याकडे आहेत," मी म्हणालो.

"मलमासात नवीन माणूस बसत नाही. परवाच ठरलं."

"बसवतंय कोण?" बायको ताटातली वात सरळ करत म्हणाली. "हे दान आहे. या महिन्यात दान चालतं. उलट जास्त फळतं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. चाळीस वर्षं संसार केला, ही अशी कधी बोलली नव्हती. किंवा बोलली असेल, मी कँटीनला असेन.

"दान स्वतःच्या वस्तूचं करतात," व्याही म्हणाले आणि छातीवर हात ठेवला, जिथे शर्टाच्या आत चावी होती.

तेवढ्यात विहीणबाई उठल्या. शांतपणे बेसिनपाशी गेल्या, हात धुतले, पुसले. व्याह्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि काळा दोरा कानांवरून ओढून काढला. चष्माही त्याच्याबरोबर आला. चष्मा त्यांनी परत बसवला, चावी स्वतःच्या हातात ठेवली.

"ती पैठणी तीनदा ड्रायक्लीनिंगला दिली," त्या म्हणाल्या. "अजून लाल आहे."

चावी त्यांनी अनारशांवर ठेवली आणि आम्हा दोघांना म्हणाल्या, लावा हात ताटाला.

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांची खुर्ची जात होती हे खरं, पण माझीही जात होती, आणि मी तर तिच्यावर अजून बसलोही नव्हतो. सात घरांत फिरलो, पापडांत बसलो, बसमधून शॉवर आणला, तो यासाठी? पण ताट समोर होतं, दिवा जळत होता, आणि मुलीने आता पंख्यावरून डोळे काढून माझ्याकडे लावले होते. मी हात लावला. व्याह्यांनी लावला. त्यांच्या बाजूचा हात जरा मागून लागला, हे नमूद करून ठेवतो.

अल ऐनला फोन केला. मावशी म्हणाल्या, जावयाला वाण दिलं ना? मग त्याला आडवं कोण जाणार? बाकीच्यांचे होकार फोनवरच आले. बारापैकी बारा. माझी मतं कधी सातच्या वर गेली नव्हती.

गरीब म्हणून दिलेला जावई खुर्चीवर बसल्यावर कळतो. दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन उघडलं, ब्रेक नवा बसवला, मॅनेजरला बोलावून गाडी भरधाव सोडली आणि स्टेशनात जिथे खडूची रेघ होती तिथे थांबवली. मिसरी माणूस खूश झाला. पडदे काढले. चावी ड्रायव्हरकडे. लिंबू-मिरचीसाठी व्याह्यांनी फार रदबदली केली, तेव्हा एक लिंबू ड्रायव्हरच्या खणात ठेवायला परवानगी मिळाली. आम्हा दोघांना त्याने सल्लागार नेमलं, आणि सल्लागारांनी गाडी चालू असताना रुळांभोवतीच्या दोरीच्या आत यायचं नाही असा नियम केला. मी म्हणालो, हा नियम मी मानत नाही. तो म्हणाला, "मामा, बोर्ड लावलाय." आणि खरंच लावला होता.

ईदला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, व्याह्यांनी कोट. नात आधीच शेवटच्या डब्यात जाऊन बसली होती आणि दोन जागा हाताने अडवून धरल्या होत्या. तिकीट काढून प्रवासी म्हणून बसायला सल्लागारांना मनाई नव्हती, हे मी बोर्ड दोनदा वाचून घेतलं होतं.

आम्ही डब्यापाशी आलो. मी थांबलो. काही झालं तरी ते मुलाकडचे.

"आधी आपण," मी म्हणालो.

"छे छे, आपण वयाने मोठे," ते म्हणाले.

"मान आपला आहे, व्याहीसाहेब."

"मान राहू द्या, आपले गुडघे दुखतात. आपण चढा."

"आपण चढल्याशिवाय मी चढणार नाही."

शिट्टी झाली आणि गाडी निघाली. नात मागे वळून म्हणाली, "बाय आबा! बाय आजोबा!" आणि दोन रिकाम्या जागांवर तिने पाय पसरले.

व्याही गाडीकडे बघत राहिले. "स्वतःच्या बापासाठी थांबवली नाही त्याने."

"वेळ म्हणजे वेळ," मी म्हणालो. आतून मला थोडं लागलं होतं, पण मागणी माझीच होती.

ज्यूसवाल्याने आम्हाला बघून डाळिंबाची बरणी उचलून मागच्या फळीवर ठेवली. गाडी कारंज्याला वळसा घालून, बोगद्यातून निघून परत आली आणि रेघेवर उभी राहिली. दार उघडलं. मी या वेळी मनाशी पक्कं ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, सरळ चढायचं. एक पाय उचललाही. तेवढ्यात व्याही बाजूला सरून, कोटाचं बटण लावत, अगदी मनापासून म्हणाले, "या, आधी आपण."

आता यावर माणूस कसा चढणार?